चार वर्षे मॉर्फिन, आणि कुठल्याच रिपोर्टमध्ये न बसणारी लक्षणे

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी देते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे पती ४९ वर्षांचे आहेत. मणक्याच्या दोन शस्त्रक्रिया होऊनही कंबर आणि डावा पाय दुखतच राहिला, म्हणून चार वर्षांपूर्वी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. सुरुवात दिवसाला ६० मिलीग्रॅमने झाली, आज डोस १८० वर आहे. झोपेसाठी क्लोनाझेपाम वेगळे. पहिले वर्ष चांगले गेले. नंतर डोस वाढवला की दोन-तीन आठवडे बरे वाटायचे आणि दुखणे पुन्हा डोके वर काढायचे. आता ते पाठभर, खांद्यापर्यंत पसरले आहे. चादर अंगाला घासली तरी त्रास होतो. शिवाय सततचा थकवा, चिडचिड, रात्री घामाने भिजणे, घास छातीत अडकणे, झोपेत श्वास थांबल्यासारखा होणे. शरीरसंबंधांची इच्छा वर्षभरापासून उरलेली नाही, हेही तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत, ते फार बरे केलेत. एमआरआय पूर्वीसारखाच आहे, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या ठीक आहेत. तुमचे प्रश्न दोन: हे सगळे गोळ्यांमुळे असू शकते का, आणि असेल तर गोळ्या बंद करू का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. स्वतःहून बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. चार वर्षे रोज मॉर्फिन घेतलेल्या शरीराचा तोल त्या औषधावरच बसलेला असतो. ते अचानक काढून घेतले तर जुलाब, उलट्या, अंगावर काटा, अस्वस्थता आणि दुखण्याचा असह्य उसळा येतो. काही रुग्ण त्या अवस्थेत जिवाचे बरेवाईट करण्याच्या टोकाला जातात. अशा घटना नोंदल्या गेल्यावर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, २०१९ मध्ये डॉक्टरांना मुद्दाम इशारा दिला की ही औषधे एकदम थांबवू नका आणि झपाट्याने कमीही करू नका. क्लोनाझेपामचेही तसेच आहे. ते अचानक बंद केले तर फिट येऊ शकते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: होय, तुम्ही लिहिलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येक लक्षण या औषधाने होऊ शकते. प्रत्येक लक्षण त्यामुळेच आहे असे मी न तपासता म्हणणार नाही. पण जुनाट दुखण्याचे रुग्ण वीस वर्षांहून जास्त काळ बघितल्यावर माझी एक ठाम समजूत झाली आहे. या दुष्परिणामांना पुस्तकांत 'क्वचित आढळणारे' म्हणतात, पण त्यांतले बरेचसे तितके क्वचित नसतात. त्यांच्याबद्दल विचारलेच क्वचित जाते.

त्याचे कारण समजून घ्या. मळमळ, गुंगी, खाज हे त्रास पहिल्या आठवड्यातच दिसतात, त्यामुळे गोळीशी त्यांचा संबंध रुग्ण स्वतःच जोडतो. बद्धकोष्ठता तर शेवटपर्यंत सोबत राहते, तिची शरीराला सवय होत नाही, म्हणून तीही सगळ्यांना माहीत असते. पण जे त्रास सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी हळूहळू उगवतात, त्यांचा धागा गोळीपर्यंत कुणी मागे नेत नाही. थकव्यासाठी एक डॉक्टर, गिळण्यासाठी दुसरे, झोपेसाठी तिसरे. प्रत्येकजण आपापला अवयव तपासतो, रिपोर्ट ठीक येतो, आणि रुग्णाला वाटू लागते की आपल्याच मनात काहीतरी बिघडले आहे. प्रत्यक्षात पेशींवर मॉर्फिन जिथे चिकटते त्या जागा, म्हणजे ग्राहक, फक्त वेदनेच्या मज्जातंतूंवर नसतात. त्या आतड्यात, अन्ननलिकेत, मेंदूतल्या संप्रेरकांच्या नियंत्रणकेंद्रात, श्वासाची लय ठरवणाऱ्या भागात, अगदी रोगप्रतिकारक पेशींवरही असतात. औषध रक्तात गेले की ते सगळीकडेच जाते.

तुमच्या पतींच्या दुखण्यापासून सुरू करू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. डोस वाढवूनही दुखणे वाढत जाते तेव्हा चार शक्यता असतात. एक, मूळ आजार वाढला. एमआरआय तसाच आहे आणि पायातली ताकद, लघवी-शौचावरचा ताबा शाबूत असेल, तर ही शक्यता मागे पडते. दोन, शरीराला औषधाची सवय झाली, म्हणजे तेवढाच परिणाम मिळवायला जास्त डोस लागतो. तीन, दोन डोसांच्या मधल्या वेळात औषध उतरते आणि तलफेसारखा त्रास होऊन दुखणे जागे होते; हे ठरावीक वेळांना होते, गोळी घेतली की तासाभरात शमते. चौथी शक्यता म्हणजे औषधानेच वेदनेची संवेदना तीव्र केली. मॉर्फिनच्या वर्गातल्या औषधांना ओपिऑइड म्हणतात, म्हणून वैद्यकात याला ओपिऑइडजन्य अतिवेदना म्हणतात.

ऐकणाऱ्याला ही गोष्ट उलटी वाटते. पण ती नवी नाही. १८७० मध्ये इंग्लंडमधले डॉक्टर क्लिफर्ड ऑलबट यांनी मॉर्फिनच्या इंजेक्शनांबद्दल लिहिताना हाच संशय बोलून दाखवला होता, की जी वेदना हे औषध शमवते असे दिसते, तिलाच ते खतपाणी तर घालत नाही ना. तेव्हा कारण सांगता येत नव्हते. आज बरेचसे सांगता येते. वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून वर जातो. मॉर्फिन त्याचा आवाज कमी करते. पण महिनोन्‌महिने आवाज दाबून ठेवला की मज्जारज्जू आपली श्रवणशक्ती वाढवत नेतो: एनएमडीए नावाचे ग्राहक जास्त उत्तेजित होतात, डायनॉर्फिनसारखी वेदना वाढवणारी द्रव्ये जास्त स्रवतात, मज्जातंतूंच्या आधारपेशी खवळतात. शेवटी साधा स्पर्शही वेदना म्हणून नोंदला जातो. तुम्ही लिहिलेली चादरीची गोष्ट हीच. २०२३ मध्ये एफडीएने या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकात अतिवेदनेचा इशारा स्पष्टपणे घालायला लावला.

सवय आणि अतिवेदना यांतला फरक ओळखायला एकही रक्ततपासणी नाही. फरक रुग्णाच्या बोलण्यात सापडतो. सवय झालेल्या माणसाचे दुखणे जिथे होते तिथेच आणि तसेच असते, डोस वाढवला की खरोखर कमी होते. अतिवेदनेत दुखणे मूळ जागा सोडून पसरते, त्याचा पोत बदलतो, बोट ठेवून दाखवता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे डोस वाढवल्यावर काही दिवसांनी ते आधीपेक्षा वाईट होते. कंबर आणि पायाचे दुखणे खांद्यापर्यंत जायला मणक्यातली ती जुनी चकती कारणीभूत असू शकत नाही. तुमच्या पतींच्या बाबतीत माझा पहिला संशय इथेच आहे.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे अगदी अशाच अवस्थेत आले होते. आधीच्या ठिकाणी दीड वर्षात पाच वेळा डोस वाढवला होता. मी डोस कमी करायचे सुचवले तेव्हा ते रागावून उठून गेले, आणि मला ते समजू शकते. जळत्या घरात उभ्या माणसाला पाणी कमी वापरा म्हटल्यासारखे ते होते. दोन महिन्यांनी परत आले. आम्ही फार सावकाश खाली गेलो. प्रत्येक पायरीनंतर पहिले आठ-दहा दिवस वाईट जायचे, मग स्थिर व्हायचे. निम्म्या डोसवर आल्यावर त्यांनी सांगितले की शर्ट घालताना आता अंगाची आग होत नाही. मूळ कंबरदुखी राहिली, ती आजही आहे. पण ती कंबरेतच राहिली.

यातला 'पहिले आठ-दहा दिवस' हा भाग लक्षात ठेवा. डोस कमी केल्यावर सुरुवातीला दुखणे वाढतेच. त्यावरून 'बघा, औषध कमी केले की दुखते, म्हणजे औषधाची गरज आहे' असा निष्कर्ष घाईने काढला जातो. दोन-तीन आठवडे थांबल्याशिवाय त्या पायरीचा खरा निकाल कळत नाही.

आता थकवा, चिडचिड, घाम आणि इच्छा नाहीशी होणे. हे चारही धागे एका ठिकाणी जुळतात. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला ठरावीक लयीत संकेत देतो, ती ग्रंथी अंडकोषांना किंवा अंडाशयांना कामाला लावते. मॉर्फिन हा संकेतच दाबते. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटते, आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळ्या, पॅच किंवा मणक्यातला पंप यांवर असलेल्यांत ते जास्त घटते, कारण त्यांच्या रक्तात औषधाची पातळी चोवीस तास उतरतच नाही. इच्छा जाते, स्नायू सैल पडतात, उदासी येते, रात्री दरदरून घाम येतो. वर्षानुवर्षे असेच चालले तर हाडे ठिसूळ होतात. माणूस हे वयाच्या, दुखण्याच्या, तणावाच्या नावावर खपवतो. डॉक्टरही खपवतात. मी स्वतः पहिली काही वर्षे हा प्रश्न विचारत नव्हते, कारण पुरुष रुग्णाला असे विचारायचा संकोच वाटायचा. त्या काळात माझ्या नजरेतून किती जण निसटले असतील, याचे मला आजही वाईट वाटते.

तपासणी सोपी आहे. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी टेस्टोस्टेरॉन बघायचे. सोबत एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन ही पिट्युटरीची संप्रेरके. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच वाढलेले नसेल, तर बिघाड अंडकोषात नसून वरून येणाऱ्या संकेतात आहे, आणि मॉर्फिनचा परिणाम तिथेच होतो. दुपारी चार वाजता घेतलेल्या रक्तावर निदान करू नका, दिवसभरात ही पातळी उतरतेच. उपचाराचा पहिला मार्ग औषध कमी करणे किंवा बदलणे हाच आहे; बहुतेकांची पातळी काही आठवड्यांत-महिन्यांत सावरते. टेस्टोस्टेरॉन बाहेरून देता येते, पण मूल हवे असेल तर नाही, कारण त्याने शुक्राणूंची निर्मिती थांबते. आणि देताना प्रोस्टेट व रक्ताचा दाटपणा यांच्यावर लक्ष ठेवावे लागते.

स्त्रियांबद्दलही इथेच लिहिते, कारण त्यांच्या बाबतीत हे आणखीच दुर्लक्षित आहे. पाळी अनियमित होते, थांबते, गर्भ राहत नाही. रजोनिवृत्ती होऊन गेलेल्या स्त्रीत तर बाहेरून काही दिसतच नाही; पण त्या वयात एफएसएच भरपूर वाढलेले असायला हवे, ते खाली सापडले तर तीच खूण. उलट बाजूही सांगते: औषध कमी करताना पाळी आणि गर्भधारणेची क्षमता परत येते. 'मला आता दिवस राहत नाहीत' या समजुतीत राहिलेल्या दोघींना मी अनपेक्षित गर्भधारणा झालेली पाहिली आहे. हे आधी सांगणे डॉक्टरचे काम आहे.

याच साखळीतली दुसरी कडी अधिक धोक्याची आहे. मॉर्फिन अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडे जाणारा संकेतही दाबू शकते, मग आजारपणाचा ताण पेलायला लागणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी पडते. भूक मंदावणे, मळमळ, उभे राहिल्यावर चक्कर, रक्तदाब कमी, न संपणारा अशक्तपणा. एफडीएने २०१६ मध्ये याबद्दल इशारा दिला. हे टेस्टोस्टेरॉन घटण्याइतके नेहमीचे नाही, पण असेल आणि लक्षात आले नाही, तर एखाद्या तापात किंवा शस्त्रक्रियेत रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसॉल तपासून घ्याच. एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा: तुमच्या पतींना मणक्यात स्टेरॉइडची इंजेक्शने दिली असतील तर कधी आणि किती. त्यांनीही कॉर्टिसॉल दबते, आणि मग सगळा दोष मॉर्फिनच्या माथी मारला जाण्याची चूक होते.

आता झोपेतला श्वास. तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट माझ्या मते हीच आहे. दुखणे आणि थकवा यांचा विचार आठवडाभर पुढे ढकलता येईल, या गोष्टीचा नाही. घोरणाऱ्या माणसाचा श्वास घशात अडतो. छाती-पोट हलत असते, हवा आत जात नाही. मॉर्फिनमुळे होणारा प्रकार निराळा आहे. मेंदूकडून श्वासाचा आदेशच येत नाही, छाती-पोट हलत नाही, काही सेकंद सगळे शांत, मग अनियमित खोलीचे चार-सहा श्वास, पुन्हा शांतता. डोस जितका जास्त तितके हे जास्त. यासाठी माणूस लठ्ठ असावा लागत नाही आणि घोरावाही लागत नाही, म्हणूनच कुणाला शंका येत नाही. क्लोनाझेपाम हा आदेश आणखी क्षीण करते. ओपिऑइड आणि या वर्गातली झोपेची किंवा घबराटीची औषधे एकत्र घेण्याबद्दल एफडीएने २०१६ मध्येच सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिनबद्दल २०१९ च्या शेवटी श्वसनाचा इशारा दिला. मणक्याच्या रुग्णांना ही दोन्ही सर्रास दिली जातात. त्यांच्या गोळ्यांत ती आहेत का बघा. दारू तर पूर्णपणे वर्ज्य.

रात्री ते झोपले की फोनवर पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या, छाती आणि पोट दिसेल असा. कोरड्या वर्णनापेक्षा तो कितीतरी जास्त सांगतो. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि झोपेची तपासणी मागा. झोपेत दाबाने हवा देणारे नेहमीचे सीपॅप यंत्र या प्रकारात पुरे पडेलच असे नाही. खरा फरक डोस कमी केल्यावर पडतो. घरात नॅलोक्सोनचा, म्हणजे मॉर्फिनवरच्या उताऱ्याचा, नाकातला फवारा ठेवता येत असेल तर ठेवा आणि तो कसा मारायचा ते शिकून घ्या. हाक मारूनही जाग येत नाही, ओठ निळसर, श्वास मिनिटाला सात-आठ: अशा वेळी फवारा मारून लगेच रुग्णवाहिका बोलवायची. फवाऱ्याचा परिणाम गोळीच्या आधी उतरतो, त्यामुळे शुद्धीवर आले तरी रुग्णालयात नेणे टळत नाही.

घास अडकणे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप गिळताना सैल व्हायला हवी. ओपिऑइडने ती घट्ट राहते आणि अन्ननलिकेचे आकुंचन वेळेआधी, वेडेवाकडे होते. दुर्बिणीत काहीच दिसत नाही. दाब मोजणारी मॅनोमेट्री केली तर चित्र अकॅलेशिया नावाच्या आजारासारखे दिसते, आणि औषधाचा इतिहास न विचारता झडप फाकवण्याची किंवा कापण्याची प्रक्रिया सुचवली जाऊ शकते. एफडीएने २०२५ च्या जुलैमध्ये दीर्घकालीन वापराच्या सूचना सुधारल्या, त्यांत अन्ननलिकेच्या या त्रासाचा समावेश झाला. माझे मत स्पष्ट आहे: मॉर्फिन कमी करून बघितल्याशिवाय अशा प्रक्रियेला घाईने होकार देऊ नये. मात्र वजन झपाट्याने उतरत असेल, उलटीत रक्त असेल किंवा पाणीही उतरत नसेल, तर औषधावर खापर फोडून थांबायचे नाही. दुसरे कारण आधी शोधायचे.

पोटात आणखी एक विचित्र प्रकार होतो. पोट दुखते म्हणून मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल दिले जाते, थोडे बरे वाटते, मग दुखणे आधीपेक्षा जास्त, मग आणखी डोस. याला नार्कोटिक बॉवेल म्हणतात. नेहमीच्या बद्धकोष्ठतेहून हे वेगळे, पोट साफ होऊनही दुखते. पाठीत झालेली अतिवेदना आतड्यात झाली, असे समजा. पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेली झडपही आखडू शकते. पित्ताशय काढलेल्या माणसाला जेवणानंतर उजवीकडे कळ येऊ लागली आणि गोळी नुकतीच सुरू झाली असेल, तर हे आठवावे.

हात-पाय झोपेत झटकन उडणे तुम्ही लिहिलेले नाही, पण बघत राहा. मॉर्फिनचे शरीरात जे रूपांतर होते ते मूत्रपिंडातून बाहेर पडते. मूत्रपिंड थकले, किंवा जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झाले, की ते साचते आणि स्नायू उडू लागतात, पुढे भ्रम होतो. अशा रुग्णाला 'दुखतेय म्हणून तळमळतोय' समजून आणखी मॉर्फिन दिलेले मी पाहिले आहे. तसे अजिबात होऊ नये. मूत्रपिंडाची क्रिएटिनिन ही तपासणी सहा महिन्यांपूर्वीची असेल तर पुन्हा करा.

याच वर्गातल्या इतर काही औषधांबद्दल, कारण असे प्रश्न विचारणारे सगळे मॉर्फिनवर नसतात. ट्रामाडॉलला 'हलकी गोळी' म्हणायची पद्धत मला अजिबात पटत नाही. त्याने फिट येऊ शकते, दिवसाच्या ४०० मिलीग्रॅमच्या मर्यादेतही, आणि नैराश्याच्या गोळ्या सोबत असतील तर शक्यता आणखी वाढते. त्याच जोडीने सेरोटोनिन वाढून ताप, कंप, घाम, जुलाब, पाय ताठरून थरथरणे असे गंभीर चित्र होऊ शकते. ट्रामाडॉल सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर उतरू शकते, रक्तातले सोडियमही कमी होऊ शकते. म्हातारा माणूस अचानक गोंधळला तर दोन्ही तपासायचे. मेथाडोन हृदयाच्या ठोक्याचा विद्युत कालावधी लांबवते, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर ईसीजी हवाच. हा कालावधी (क्यूटीसी) ५०० मिलीसेकंदांच्या पुढे गेला तर ते चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. जिभेखाली विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनने दात किडतात, पडतात. गोळी विरघळली की पाण्याने चूळ भरायची आणि तासभर तरी दात घासायचे नाहीत. वर्षानुवर्षे पेंटाझोसिनची इंजेक्शने टोचून घेतलेल्यांच्या मांड्या आणि दंड लाकडासारखे कडक होतात, जखमा भरत नाहीत. मणक्यात मॉर्फिनचा पंप बसवलेल्यांना पायात नव्याने अशक्तपणा आला तर नळीच्या टोकाशी गाठ झाली आहे का हे एमआरआयने लगेच बघायचे. ऐकू येणे अचानक कमी झाल्याच्या नोंदीही आहेत, विशेषतः हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉलच्या एकत्रित गोळ्या भरमसाट घेणाऱ्यांत.

कर्करोगाच्या वेदनांसाठी किंवा आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात ही औषधे घेणाऱ्यांनी वरचे वाचून घाबरू नये. तिथे मॉर्फिन हा आधार आहे आणि तो पुरेसा मिळत नाही हेच मोठे दुःख आहे. माझे म्हणणे वर्षानुवर्षे चालणाऱ्या, जिवाला धोका नसलेल्या दुखण्यांपुरते आहे. त्या दुखण्यांत फायद्याचे पारडे आम्ही समजत होतो तितके जड निघालेले नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत जुनाट पाठदुखी किंवा गुडघा-खुब्याच्या संधिवाताच्या २४० रुग्णांना वर्षभर दोन गटांत बघितले गेले. ओपिऑइड घेणाऱ्यांची हालचाल आणि कामाची क्षमता ओपिऑइड नसलेली वेदनाशामके घेणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरली नाही. वेदना तर दुसऱ्या गटातच थोड्या कमी होत्या. दिवसाला ५० मिलीग्रॅम मॉर्फिनच्या पुढे फायदा फारसा वाढत नाही आणि धोका वाढत जातो, असे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात.

मग पुढे काय. कमी करण्याचा वेग त्याच तत्त्वांनुसार, वर्षाहून जास्त काळ औषध घेतलेल्यांसाठी, महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश. म्हणजे तुमच्या पतींसाठी पहिली पायरी १८० वरून १६५ च्या आसपास. क्लोनाझेपाम आणि मॉर्फिन एकाच वेळी कमी करू नका. कोणते आधी, ते डॉक्टर ठरवतील. दुसरा मार्ग ब्युप्रेनॉर्फिनवर जाण्याचा आहे. त्याने श्वास आणि संप्रेरकांवर ताण कमी पडतो, अतिवेदनेतही बऱ्याच जणांना उतार पडतो, आणि हल्ली अगदी सूक्ष्म डोसने सुरुवात करून मॉर्फिन चालू असतानाच बदल करता येतो. मात्र हे अनुभवी हातांनीच करायचे. चुकीच्या वेळी पूर्ण डोस दिला तर तीव्र त्रास उफाळतो. एखाद्या पायरीवर अडलात तर तिथेच महिना-दोन महिने थांबा, त्यात हार काही नाही. पण एक धोका त्यांना समजावून सांगा: डोस कमी झाला की सवयही उतरते. वाईट रात्री जुना १८० चा डोस परत घेतला तर श्वास थांबू शकतो. उरलेल्या गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा.

त्यांना 'व्यसनी' म्हणू देऊ नका, कुणालाही. त्यांनी लिहून दिलेले औषध लिहून दिले तसेच घेतले. शरीर औषधावर अवलंबून असणे आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे न कळल्याने कितीतरी लोक त्रास सांगायलाच घाबरतात. उदासी दिसली, जगण्याबद्दल वेडेवाकडे बोलले, तर ते दुखण्याचे बोलणे म्हणून सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दीर्घकाळच्या ओपिऑइडने नैराश्य नव्यानेही येते, आणि डोस कमी करतानाही येते.

भेटीला जाताना चार गोष्टी बरोबर न्या: रात्रीचा व्हिडिओ, सगळ्या गोळ्यांची पाकिटे, डोस कधी किती वाढवला त्याच्या तारखा, आणि शरीराची एक रेखाकृती, जिच्यावर चार वर्षांपूर्वी कुठे दुखत होते ते एका रंगाने आणि आज कुठे दुखते ते दुसऱ्या रंगाने त्यांनी स्वतः भरलेले असेल.